बंदीत अलेप्पी, दिवाळीनंतर देवबाग: दोघांनीच सहलीला जायचं असेल तर



होड्या वर ओढल्या आणि जाळी शेडमध्ये गेली, की आपल्या संस्थेच्या ऑफिसात एक प्रश्न हळू आवाजात येतो. डिझेलचं, बर्फाचं बोलून झालं की माणूस उठता उठता विचारतो, "सेक्रेटरी, दोघांनीच चार दिवस कुठे जायचं झालं तर कुठे जावं?" विचारणारा कधी नवीन लग्न झालेला खलाशी असतो, कधी वीस वर्षं संसार केलेला नाखवा. वहिनी मंडळी मात्र आडून बोलत नाहीत. त्या थेट सांगतात, "ह्यांना जरा सांगा, केरळ केरळ ऐकतोय नुसतं."

म्हणून या वेळी सगळं एकाच ठिकाणी लिहितो.

पहिली गोष्ट. "दर्यावर राहणाऱ्यांना दर्याची सहल कशाला?" असं कोणी हसलं तर हसू द्या. आपल्या घरांचा हिशेब वेगळा आहे. होडी फेरीवर असते तेव्हा तो घरात नाही. तो परत येतो तेव्हा ती पहाटेच मासळी घेऊन बाजारात. संध्याकाळी ती येते तर तो जाळी शिवत बसलेला, नाहीतर झोपलेला. एका घरात राहून वेळ जुळत नाही. वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जातो, शिर्डीला जातो, पण तेव्हा अख्खं घर बरोबर असतं आणि डबे तिनेच भरलेले असतात. दोघांनीच कुठे जाणं आपल्यात अजून लाजेची गोष्ट समजतात. लाजायचं काही कारण नाही. फक्त तारखा, पैसे आणि बोट या तीन गोष्टी नीट बघितल्या पाहिजेत.

तारखा आधी, गाव नंतर

बहुतेक लोक आधी गाव ठरवतात आणि तिथेच फसतात. आपल्याला रजा मिळते ती बंदीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही केंद्राची बंदी, आणि आपल्या गुजरातेत अलीकडे ती १५ ऑगस्टपर्यंत असते. म्हणजे अडीच महिने हातात. पण हेच दिवस पावसाचे.

कोकणात मेअखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी बंद, स्कूबा बंद, कर्ली नदीतली फेरी बंद. पावसातलं कोकण हिरवंगार दिसतं, राहायलाही स्वस्त पडतं. पण पाण्यावर फिरायचं म्हणून गेलात तर खोलीच्या खिडकीतून पाऊस बघून परत याल.

केरळच्या खाडीतल्या हाऊसबोटी मात्र पावसाळ्यातही चालतात. ते पाणी आतलं, दर्याचा मार तिथे लागत नाही. जून-जुलैत गर्दी कमी, भावही उतरलेले. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला तर तिथेही बोटी थांबवतात, ही तयारी मनात ठेवायची. जूनचा पहिला पंधरवडा आणि जुलैतले मुसळधार दिवस टाळून, जुलैअखेर ते १० ऑगस्ट हे दिवस आपल्याला बरे पडतात. १५ ऑगस्टच्या आधी घरी येऊन होडीला हात लावायला वेळही राहतो.

म्हणून साधा नियम: बंदीत जायचं तर केरळ. देवबाग-तारकर्ली बघायचं तर दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आता कोणी म्हणेल, दिवाळीनंतर तर धंद्याचे दिवस. बरोबर. पण डोलवाल्यांना ठाऊक आहे, उधाणाला जाळं भरतं आणि भांगेला हात रिकामे. अष्टमी-नवमीच्या आसपासचे चार दिवस काढले तर नुकसान कमी. नाताळचा आठवडा मात्र सोडा, तेव्हा कोकणात खोली मिळाली तरी भाव चढलेला असतो.

देवबाग-तारकर्ली: आपल्याच भाषेतलं गाव

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणपासून सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली, आणि तिच्यापुढे देवबाग. देवबाग म्हणजे जमिनीची एक लांब पट्टी. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. सकाळी नदीकाठी चहा घ्यायचा आणि रस्ता ओलांडून दर्यावर सूर्यास्त बघायचा, इतकं जवळ. टोकाला नदी समुद्राला मिळते तो संगम. त्याच्याजवळ वाळूचं एक बेट आहे, त्याला सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं तिथले लोक सांगतात.

इथे आपलं भरती-ओहोटीचं ज्ञान कामाला येतं. खंभातच्या आखातासारखी भरती-ओहोटी तिथे नाही, पाणी पुष्कळ कमी चढतं-उतरतं. तरी बेटावर उतरायचं तर ओहोटीची वेळ धरा. भांगेच्या दिवसांत वाळू कमी उघडी पडते, पण संगमावर पाणी शांत असतं. मी तर शांत पाणीच निवडा म्हणेन.

राहायला एमटीडीसीचं रिसॉर्ट तारकर्लीला आहे. पण देवबागमध्ये मच्छीमारांच्या घरांत न्याहारी-निवासाच्या खोल्या मिळतात, त्या आधी विचारा. भाषा तीच, चूल तीच. बांगडा कसा भाजायचा हे त्यांना सांगावं लागत नाही, आणि पैसा थेट मच्छीमाराच्या घरात जातो. सोलकढी आणि तिसऱ्याचं सुकं वहिनींनी एकदा दुसऱ्याच्या हातचं खाऊन बघावं. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर जरूर उभे राहा. दोन्ही टोकांनी दोर धरून किनाऱ्यावरून जाळं ओढण्याची ही जुनी सामुदायिक पद्धत अजून तिकडे टिकून आहे.

सिंधुदुर्ग किल्ला चुकवू नका. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला तो वेगळाच वाटतो. शिवाजी महाराजांची पहिली सुरत मोहीम जानेवारी १६६४ ची, आणि या किल्ल्याचं काम सुरू झालं त्याच वर्षी नोव्हेंबरात. इथल्या शाळेत हा इतिहास एका बाजूने ऐकलेला असतो. तिथे पाण्यात उभ्या तटावरून दुसरी बाजू दिसते.

जायचं कसं? कुडाळ स्टेशनला उतरायचं, तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटर. सुरतहून कोकण रेल्वेवर जाणाऱ्या थेट गाड्या आहेत, पण सगळ्या कुडाळला थांबत नाहीत. तिकिटाआधी थांबा तपासा. नाहीतर दादरला जाऊन रात्रीची तुतारी एक्सप्रेस धरायची.

अलेप्पी: जिथल्या माशाच्या नावात सुरत आहे

केरळमध्ये अलेप्पीचं खरं नाव आलप्पुळा. सुरतहून कोकण रेल्वेने थेट एर्नाकुलमला जाणाऱ्या गाड्या आहेत, उदाहरणार्थ ओखा–एर्नाकुलम एक्सप्रेस. रोज नसतात, वार बघून घ्या. एर्नाकुलमहून अलेप्पी साधारण ५५ किलोमीटर, बस-रेल्वे दोन्ही मिळतात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याला जायचं तर जूनच्या सुरुवातीलाच तिकीट. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू चालतात आणि वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून पुढची जोडगाडी घट्ट वेळेची ठेवू नका.

तिथलं वेंबनाड म्हणजे देशातलं सर्वांत लांब सरोवर, सुमारे ९६ किलोमीटर. त्याला लागून कुट्टनाड. तिथली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली होते आणि बांधावरून बघाल तर कालव्याचं पाणी वर, शेत खाली. खारं पाणी आत येऊ नये म्हणून तण्णीरमुक्कम इथे दारांचा बंधारा घातला आहे. आपल्या सिंगणपोरच्या कॉजवेमुळे तापीत वर गोडं आणि खाली खारं असं होतं ना, तसंच समजा. शेतकऱ्याला बंधारा हवा, पण मासळी वर-खाली फिरते तिला तो आडवा येतो, म्हणून तिथला मच्छीमार त्याबद्दल कुरकुरतो. त्याच्याशी बोलून बघा, बोलणं लगेच जुळेल.

तिथल्या ताटातला मानाचा मासा करिमीन. कोकणात त्याला काळुंदर म्हणतात. केरळचा तो राज्य मासा आहे. गंमत अशी की त्याचं शास्त्रीय नाव एट्रोप्लस सुराटेन्सिस, म्हणजे नावातच सुरत. १७९० मध्ये ब्लॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते नाव दिलं. केळीच्या पानात मसाला लावून भाजतात, त्याला करिमीन पोळ्ळिचतु म्हणतात. खाताना आपल्या गावचा पाहुणा समजून खा.

पावसाळ्यात अलेप्पीच्या किनाऱ्यावर आणखी एक नवल घडतं. पुरक्काड, अंबलप्पुळाच्या बाजूला समुद्रात चिखलाचा पट्टा तयार होतो, त्याला चाकर म्हणतात. बाहेर दर्या खवळलेला आणि त्या पट्ट्यात पाणी शांत, त्यात मासळीचे थवे. जागा दरवर्षी बदलते, कधी होतं कधी नाही. केरळात ट्रॉलरची बंदी ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत, ५२ दिवस असते. पण पारंपरिक होड्यांना मुभा असते, त्यामुळे चाकर लागली की किनाऱ्यावर जत्रा भरते.

आणि नौकांची शर्यत. पंडित नेहरूंच्या १९५२ च्या भेटीपासून पुन्नमडा सरोवरात नेहरू ट्रॉफी सुरू झाली. शंभरेक वल्हवणारे एका लांब सापनौकेत बसतात आणि एका तालावर वल्ही पडतात. पूर्वी ही शर्यत ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी ठरलेली असायची, म्हणजे आपल्या बंदीत बसायची. आता तारीख हलते. २०२४ मध्ये वायनाडच्या दरड दुर्घटनेमुळे ती २८ सप्टेंबरला झाली, २०२५ मध्ये ३० ऑगस्टला. शर्यतीसाठीच जायचं असेल तर तारीख जाहीर झाल्यावरच तिकीट काढा.

हाऊसबोट: एक रात्र बस

हाऊसबोट म्हणजे पूर्वीची केट्टुवळ्ळम, भात वाहणारी मोठी नाव. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा नाही. तिच्यावर आता खोल्या बांधल्यात.

भाव ठरवण्याआधी हे समजून घ्या. दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास उतरवतात. पण संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला बांधतात, कारण त्यानंतर तिथले मच्छीमार जाळी टाकतात. म्हणजे प्रत्यक्ष फिरणं पाच तासांच्या आसपास. बाकीचे प्रवासी यावर नाराज होतात. आपण नाराज व्हायचं कारण नाही, आपल्या जाळ्यावरून कोणी बोट नेली तर आपण काय करतो ते आठवा. एसीचं विचारून घ्या, स्वस्त बोटींत तो रात्रीपुरताच चालू असतो.

म्हणून माझा सल्ला: हाऊसबोटीवर एकच रात्र. बाकी दोन रात्री कुट्टनाडातल्या एखाद्या घरगुती खोलीत राहा आणि राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटीने फिरा. अलेप्पीच्या जेटीवरून त्या सुटतात. आपण सिटी बसने जातो तशी तिथली माणसं त्यांनी शाळेत, बाजारात, कामाला जातात, आणि तिकीटही तसंच. अरुंद कालव्यात फिरायला तासावर शिकारा मिळतो, मोठी बोट तिथे जात नाही. दोघांना खरी निवांत जागा तीच.

होडीमालकांसाठी एक जास्तीची जागा: वैकम–तवणक्कडवु मार्गावर जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' नावाची सौर बोट चालते, ७५ प्रवाशांची. देशातली ती पहिली सौर फेरीबोट. डिझेलची बिलं भरून थकलेल्या माणसाने एकदा तिच्यात बसून यावं. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे बायकोचं बोलणंही ऐकू येतं.

पैसे कसे जमवायचे

कर्ज काढून सहल करायची नाही, हे आधी. बंदीचे अडीच महिने उत्पन्न नसतं, तेव्हा घरातला पैसा फिरायला काढला तर जुलैत किराण्याला हात पसरावा लागतो. पात्र मच्छीमारांना प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून बंदीच्या काळासाठी जे मिळतं, स्वतःचे १,५०० आणि सरकारचे ३,००० मिळून ४,५००, ते घराचं आहे. त्याला सहलीसाठी हात लावू नका.

१५ ऑगस्टला मोसम सुरू होतो, मेअखेरीला संपतो. मध्ये साधारण ४० आठवडे. आठवड्याला ५०० बाजूला काढले तर २०,००० होतात. २५० काढले तर १०,०००. तिने बाजारातून २५० आणि त्याने हिश्श्यातून २५० टाकले तर कोणावर भार येत नाही, आणि सहल दोघांची होते. पैसे डब्यात नको, बँकेच्या आवर्ती ठेवीत टाका. डब्यातला पैसा इंजिनाच्या पहिल्या दुरुस्तीला जातो.

२०,००० चे चार भाग करा: प्रवास, राहणं, खाणं-फिरणं, आणि चौथा भाग न मोडता परत आणायचा. परतीला दरड पडून गाडी अडकली, कोणी आजारी पडलं, तर तोच कामाला येतो. रेल्वेने स्लीपरमध्ये गेलात तर हे बसतं, विमान धरलं तर नाही.

बुकिंग करताना व्हॉट्सॲपवर फोटो बघून पूर्ण पैसे पाठवू नका. थोडा आगाऊ द्या, बाकी बोट बघून. पावसाळ्यात तर बोटी रिकाम्या असतात, तिथे जाऊनही ठरवता येतं. अलेप्पीच्या जेटीजवळ जिल्हा पर्यटन मंडळाचं ऑफिस आहे, अडलं तर तिथे विचारा. दोघांचंही आधार कार्ड बरोबर ठेवा, हॉटेलवाले दोन्ही मागतात.

बोटीत चढताना आपण खलाशीच

हे सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून शांतपणे वाचा.

७ मे २०२३ ला केरळमध्ये तानूरला पर्यटकांची बोट उलटली, २२ माणसं गेली. ती मासेमारीची होडी होती, बदलून प्रवासी बोट केलेली, आणि वर माणसं जास्त भरलेली. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या वडोदऱ्यात हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथेही माणसं जास्त, आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नाही. खाडी असो की तलाव, पाणी शांत आहे म्हणून बोट सुरक्षित होत नाही.

शहरातल्या माणसाला बोट कळत नाही. आपल्याला कळते. मग सहलीत ते शहाणपण घरी का ठेवायचं? चढण्याआधी बघा, पाणी काठाला किती लागलंय. माणसं वरच्या मजल्यावर एकाच बाजूला गोळा झालीत का. लाइफ जॅकेट माणशी एक आहे का, आणि ते हाताशी आहे की खाली बांधून ठेवलंय. नोंदणी क्रमांक लिहिलाय का. अंधार पडल्यावर फेरी मारतोय का. एक जरी गोष्ट खटकली तर उतरा, पैसे गेले तरी चालतील. आणि जॅकेट दोघांनीही घाला. "मला पोहता येतं" हे बायकोसमोर सांगायला ठीक आहे, पाण्याला त्याचं काही नाही.

होडीमालकांना हात जोडून एक विनंती. बंदीत होडी रिकामी आहे म्हणून पाहुण्यांना, पर्यटकांना फेरी मारून आणण्याचा मोह होतो. मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी नेता येत नाही. काही घडलं तर विमा उभा राहत नाही, आणि मेलेली माणसं तर कशानेच परत येत नाहीत. तानूरची होडीही आधी मासेमारीचीच होती.

घर कोणावर सोडायचं

नाखवा-नाखवीण निघाले तर होडीवर लक्ष कोण ठेवणार? शेजारच्या होडीवाल्याशी अदलाबदल करा. हा गेला की तो बघेल, तो गेला की हा. जाण्याआधी ताडपत्री, दोर, पंप तपासून जा. मुलांना आजीकडे ठेवताना आजीला नुसतं काम देऊ नका, चार दिवसांचं किराणा-गॅस भरून द्या. आणि जिच्या सासूने स्वतःहून "जा गं" म्हटलं, तिने सासूसाठी केळ्याचे वेफर्स आणायला विसरू नये.

शेवटी एकच. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून चेंगन्नूर, कुट्टनाडपर्यंत नेल्या आणि हजारो माणसं बाहेर काढली. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी घरात शिरलेलं ज्यांना आठवतं, त्यांना त्याची किंमत सांगायला नको. त्या गावांत तुम्ही जाल तेव्हा परके नसाल. जेटीवर कोणी विचारलं, काम काय करता, तर सांगा मासेमारी. बोटीवरचा माणूस लगेच जवळ येऊन बसेल. पण त्याच्याशी जाळ्याच्या गप्पा तासभरच मारा. चार दिवस बायकोसाठी काढलेले आहेत.

गाड्यांचे वार, आवर्ती ठेवीचा फॉर्म, भांगेच्या तारखा काही विचारायचं असेल तर ऑफिसात सकाळी या. दोघांनी मिळून आलात तर जास्त बरं.

आपला,
सेक्रेटरी